पितळेची बॅटरी

अण्णा,

परवा तुमच्या धाकट्याने त्याच्या मुलीसाठी बॅटरी आणली. तिला ठाण्यात नोकरी लागली आहे. ऑफिस चौथ्या मजल्यावर, आणि वीज गेली की जिन्यात डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही म्हणते. पर्समध्ये मावेल एवढीच हवी, आणि ऑफिसात कुणाच्या नजरेला येता कामा नये, अशी वर अट. धाकट्याने प्लॅस्टिकची, निळी, तळहाताहून लहान अशी एक आणली. पोरीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बाबा, ही किती दिवस चालणार?" तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "दोन वर्षं चालली तरी पुष्कळ. तोवर तुझं लग्न होईल, मग नवरा घेईल नवी." ती भडकली. बॅटरीचा आणि लग्नाचा संबंध काय, मी काय नवऱ्याच्या उजेडात चालणार आहे का, असं बरंच काही. बापलेकीचं चांगलंच जुंपलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. धाकट्याला वाटलं, त्याचं बोलणं मला लागलं. लागलं नव्हतं, अण्णा. मला हेवा वाटला. त्या पोरीला ज्या वाक्याचा एवढा संताप आला, त्याच वाक्याची वाट पाहत मी एकदा ठाण्याच्या बाजारात तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही गेलात त्याला आता तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत हे कधी बोलले नाही, ते आज बोलते. तुमचं उत्तर येणार नाही, म्हणून धीर होतोय.

दम्याने तुमची नोकरी घेतली आणि दम्यानेच माझी लावली, असं मी तेव्हा मैत्रिणींना हसत सांगायचे. मुंबईची पेढी सोडून तुम्ही कायमचे घरी बसलात तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते, आणि दोघं भाऊ अर्ध्या चड्डीत होते. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, सरकारी ऑफिसांत मुलींना घ्यायला लागले होते. तुमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी शब्द टाकला आणि मी ठाण्याला कारकून झाले. पहिल्या दिवशी आईने हातावर दही घातलं. तुम्ही मात्र दारात उभे राहून माझ्या चपलांकडे बघत होतात. "पट्टा नीट शिवून घे गो," एवढंच म्हणालात. आपण डोंबिवलीला आगरी घरमालकाच्या चाळीत, दोन खोल्यांत राहत होतो. स्टेशन सुटलं की घरापर्यंत वाटेवर नावाला दिवा नव्हता. भाताची खाचरं, मधून जाणारा बांध, बांध संपतो तिथे विहीर, आणि विहिरीच्या पुढे चाळीचं फाटक. सुरुवातीला तुम्ही कंदील घेऊन स्टेशनावर यायचात. मग विहिरीपर्यंतच यायला लागलात. एका संध्याकाळी तुम्हाला विहिरीपाशी अशी धाप लागली की कंदील माझ्या हातात आणि तुम्ही माझ्या खांद्यावर, अशी आपली वरात घरी पोचली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "हिला एक बॅटरी घेऊन द्या आणि हे सोंग पुरे करा. कोण कुणाला आणायला जातंय तेच कळत नाही."

शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस. तुम्ही ठाण्याला आलात. तलावपाळीवरून आपण बाजारात निघालो. तुम्ही जरा चाललात की थांबत होतात आणि दुकानांच्या पाट्या वाचण्याचं निमित्त करत होतात. मीही तुमच्याबरोबर पाट्या वाचत होते. दुकानदार कच्छी होता. "कुणाला पायजे काका? तुम्हाला की बेनला?" त्याने विचारलं. "हिला. ऑफिसला जाते," तुम्ही म्हणालात, आणि ते म्हणताना जरा ताठ झालात. त्याने आधी तीन सेलची लांबलचक बॅटरी काढली. ती तुम्हाला फार आवडली. "ही बरी. वेळ आली तर कुणाच्या टाळक्यात घालता येईल." मी म्हटलं, "अण्णा, मी कारकून आहे, पहारेकरी नाही. ही पर्समध्ये कशी मावणार?" मग त्याने दोन लहान बॅटऱ्या काढून ठेवल्या, दोन्ही एकाच मापाच्या, मुठीत मावणाऱ्या. एक पत्र्याची, लाल रंगाची, अगदी हलकी. दुसरी पितळेची, वर पांढरं चकचकीत निकेल चढवलेली, हातात धरली की वजन कळायचं. मला लाल हवी होती. दुकानदाराने एक-एक करून त्या फळीखाली अंधारात धरल्या आणि बटण सरकवलं. उजेड पडल्याबरोबर तुम्ही हात जोडलेत. भर दुपारी, दुकानात, तिन्हीसांजेच्या दिव्याला जोडावेत तसे. दुकानदार ओशाळला, त्यानेही अर्धवट हात जोडले. तुम्ही म्हणालात, "छान आहे. मालवा आता." तो म्हणाला, "काय करू?" मला हसू आवरेना. आपल्या घरात दिवा कधी विझवत नसत, विझव हा शब्दसुद्धा तोंडातून काढू देत नसत. दिवा मालवायचा. पण बॅटरी मालवायला सांगणारे त्रिभुवनात तुम्ही एकटेच असाल.

आणि मग तो म्हणाला, "बघा काका, ही पत्र्याची दोन-तीन वरस आरामात चालेल. आन् ही पितळेची घेतली, तर बेन रिटायर होईपर्यंत बघायला नको." मला वाटलं, आता तुम्ही हसाल. कुठलाही बाप हसला असता. 'अहो, रिटायर कसली होतेय, लग्न व्हायचंय तिचं!' एवढं म्हणायला दमेकऱ्यालासुद्धा श्वास पुरतो. मी तुमच्या तोंडाकडे बघतेय. एकोणीस वर्षांची मी, पातळाचा पदर मुठीत धरून उभी आहे, आणि ओठांवर लाजण्याची तयारी आहे. तुम्ही लाल बॅटरी हातावर तोलता, खाली ठेवता. पितळेची तोलता. तिची कडी ओढून बघता, मागचं झाकण फिरवून बघता, आतल्या स्प्रिंगवर बोट दाबता. आणि म्हणता, "मग हीच द्या." माझ्या ओठांवरचं ते हसू कुठे ठेवावं तेच मला कळेना. दुकानदार कागदात गुंडाळायला लागला तर तुम्ही म्हणालात, नको, अशीच द्या, ती लगेच वापरणार आहे.

घरी आईने ती हातात घेतली आणि म्हणाली, "एवढी जड कशाला? पोरीचा हात बघा केवढासा." तुम्ही म्हणालात, "टिकेल." आईने तुमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती उठून भाताला आधण ठेवायला गेली. त्या घरात त्या दिवशी जे काही ठरलं ते एवढ्यावरच ठरलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, मला तर नाहीच नाही. माझ्या मैत्रिणींच्या पत्रिका फिरत होत्या, फोटो काढून येत होते, आणि आपल्याकडे माझी पत्रिका देवघराच्या खणात होती तिथेच राहिली. मी विचारलं नाही. काय विचारणार? माझा पगार आला की तुम्ही तो देवापुढे ठेवायचात आणि मग आईकडे द्यायचात. देवाला नमस्कार करताना तुमची मान इतकी खाली जायची की मागे उभ्या असलेल्या मला बोलायला तोंडच उरायचं नाही. तुम्ही एकदा जरी माझ्यावर ओरडला असतात तर मी उलट बोलले असते.

पर्समध्ये लपून राहावी म्हणून लहान बॅटरी घेतली, तर ऑफिसात ती दुसऱ्याच आठवड्यात जगजाहीर झाली. आमच्या ऑफिसमागे दप्तरखाना होता, जुन्या कागदांची खोली. लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे छतापर्यंत, एक झरोका, तोही गठ्ठ्यांनी बुजलेला, आणि कागदांच्या भीतीने आत कंदील न्यायला बंदी. काड्यापेटीचं तर नाव काढायचं नाही. माणसं दारातून येणाऱ्या उजेडात चाचपडायची. एकदा हेडक्लार्क साहेबांना तातडीने एक कागद हवा होता. मी भाबडेपणाने पर्समधून बॅटरी काढली. झालं! त्या दिवसापासून "बाई, जरा तुमची बॅटरी" सुरू झालं. मी बॅटरी कुणाच्या हातात देत नसे, म्हणून तिच्याबरोबर मीही जायचे. महिन्या-दोन महिन्यांत साहेब म्हणाले, "असं करा ना बाई, तुमचं टेबलच तिकडे हलवू या. सोयीचं पडेल." सोय कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. खिडकीशेजारची माझी जागा गेली. खिडकीतून चिंचेचं झाड दिसायचं, आता गठ्ठे दिसायला लागले. ऑफिसात मला बॅटरीबाई म्हणत. रिटायर झाले तेव्हाही निरोपाच्या भाषणात म्हणाले. तुमचा कच्छी दुकानदार शब्दाचा पक्का निघाला.

पुढे आपल्या घरी येऊन गेले ते गृहस्थ मला तिथेच भेटले. कल्याणचे होते, आमच्याच ऑफिसात दुसऱ्या शाखेत. जमिनीचे जुने कागद शोधायला यायचे. मी उजेड धरायचे आणि ते गठ्ठे सोडायचे. पहिल्या दिवशी कागद सापडला तेव्हा सवयीने माझ्या तोंडून गेलं, "मालवू ना?" ऑफिसातली बाकीची माणसं याच शब्दावरून माझी टिंगल करायची, बाई, पंखा मालवा, बाई, साहेबांना मालवा. हे हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडेही असंच म्हणतात. आई तर स्टोव्हसुद्धा मालवते." एवढंच. पण त्या दिवशी मी बांधावरून घरी आले ती वाट मला लक्षात नाही. पुढे वर्षभर त्यांना फार कागद लागायला लागले. काही कागद तर सापडल्यावरही सापडत नसत. तुम्हाला वाटेल तसं काही नव्हतं, अण्णा. मी उजेड धरायचे आणि त्यांचे हात बघायचे. धूळ झटकून, गाठ न तोडता, सावकाश सोडवणारे हात होते. मला तेवढ्यावर जन्म काढता आला असता.

ते एका रविवारी दुपारी आपल्या घरी आले. मी तुम्हाला आदल्या दिवशी सांगितलं होतं, ऑफिसातले एक जण तुम्हाला भेटायला येणार आहेत. तुम्ही इतकंच विचारलंत, "कोणत्या गावचे?" आईने शिरा केला, वेलदोडा घालून. भावांना तिने घरमालकांकडे खेळायला पिटाळलं. तुम्ही त्यांच्याशी किती बोललात! त्यांचं गाव, तुमचं गाव, मधली खाडी, तरीवाला कोण, देवीची जत्रा कधी. तुमचा दमासुद्धा त्या दिवशी शहाण्यासारखा वागला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मनातल्या मनात त्या पितळेच्या बॅटरीची माफी मागत होते. अंधार पडायला लागला तसे ते उठले. तुम्ही म्हणालात, "थांबा, मी सोडतो स्टेशनपर्यंत." आई म्हणाली, "अहो, तुम्हाला चालवायचं नाही." तुम्ही तिच्याकडे न बघता माझ्यापुढे हात केलात. "बायो, तुझी बॅटरी दे." मी दिली. फाटकातून दोघांच्या पायांपुढचा उजेड बांधावर गेला आणि लांब लांब होत दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने तो परत दिसला. एकट्याचा. थोडा यायचा, थांबायचा. पुन्हा थोडा यायचा, थांबायचा. आई म्हणाली, "जा गं, पुढे हो." मी गेले नाही. तुम्ही दारात आलात तेव्हा छातीचा भाता झाला होता. माझ्या हातात जळती बॅटरी दिलीत आणि म्हणालात, "घे. मालव." आईने विचारलं, "काय झालं?" तुम्ही पाणी प्यालात, भिंतीला टेकलात आणि म्हणालात, "भला माणूस आहे." त्या घरात या विषयावर बोललं गेलेलं ते शेवटचं वाक्य.

सोमवारी ते दप्तरखान्यात आले. गठ्ठा सोडताना सांगितलं. "तुमचे वडील म्हणाले, दोन्ही मुलगे मार्गाला लागेपर्यंत थांबा. मी हो म्हणून आलो. पण घरी आईला ते पटत नाही. ती म्हणते, धाकटा अजून मराठी शाळेत आहे, म्हणजे दहा वर्षं. ती म्हणते, आत्ताच करायचं असेल तर करा, नाहीतर दुसरं स्थळ बघू." मग थांबून म्हणाले, "तुम्ही एकदा स्वतः बोलाल त्यांच्याशी? तुम्ही काय म्हणता?" माझ्या हातात बॅटरी होती. मला इतकंच दिसत होतं की उजेड हलतोय, आणि तो हलता कामा नये. तुमची ती वाटेवर थांबत थांबत येणारी बॅटरी माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मी म्हटलं, "अण्णा म्हणतात तसं." त्यांना हवा असलेला कागद वरच होता, त्यांनी तो काढून घेतला, गठ्ठ्याला पूर्वीसारखी गाठ मारली. म्हणाले, "मालवा आता." पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. मग बदली झाली.

मला तुमचा राग आला होता, अण्णा. अजूनही येतो. दुसऱ्या मुलींच्या बापांनी हुंड्यासाठी, मानापमानासाठी स्थळं मोडली, त्यांना शिव्या तरी देता येतात. तुम्ही काही मोडलं नाहीत. तुम्ही फक्त थांबा म्हणालात, आणि ते सांगायला श्वास नसताना स्टेशनापर्यंत चालत गेलात, म्हणजे माझ्यासमोर सांगावं लागू नये. मी कुणावर चिडायचं? दोघं भाऊ मार्गाला लागले. धाकट्याचं डोकं चांगलं, तो पुढेही शिकला. तुम्ही ते बघायला राहिला नाहीत, पण झालं सगळं तुमच्या मनासारखं. मला कुणी कोंडलं नव्हतं. दप्तरखान्याचं दार उघडं असायचं, घराचं फाटक उघडं असायचं. सकाळी मी आपल्या पायांनी तिकडे जायचे आणि संध्याकाळी आपल्या पायांनी इकडे यायचे. कडी कुठेच नसली की बाहेर कसं पडतात ते मला कुणी शिकवलं नाही.

आणि तुमचं त्या बॅटरीचं कौतुक! दर रविवारी मी न्हायला गेले की तुम्ही ती पर्समधून काढून ओटीवर घेऊन बसायचात. सेल काढून कोरड्या फडक्याने पुसायचे, स्प्रिंग पुसायची, काच धोतराच्या सोग्याने लख्ख करायची. एका दिवाळीत आईने देवाची भांडी चिंचेने घासायला काढली तेव्हा तुम्ही बॅटरीही घासलीत. पितळ म्हणजे चिंच, एवढंच तुम्हाला ठाऊक. दोन दिवाळ्यांत वरचं निकेल गेलं आणि ती समईसारखी पिवळी झाली. आम्ही भावंडं हसलो तर म्हणालात, "आता खरी दिसतेय." मग बटण सरकवायचात, हात जोडायचात आणि आईला हाक मारायचात, "बघितलंस? चार-चार महिने तेच सेल. ऑफिसात वापरते, वाटेत वापरते, तरी उजेड बघ. उगीच का पितळेची घेतली!" आई चुलीपाशी बसून म्हणायची, "हो, फार दूरचं बघता तुम्ही." तिच्या बोलण्यातली खोच तुम्हाला कळायची की नाही ते मला कधी ठरवता आलं नाही.

या कागदांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. पत्ता नसलेल्या पत्राला घाई नसते. म्हणून एक राहिलंय तेही लिहून टाकते. त्या सेलांबद्दल. अण्णा, वाटेत मी बॅटरी लावतच नव्हते. पावसाळ्यात जनावरांच्या भीतीने लावायचे, खोटं कशाला बोलू, पण एरवी नाही. स्टेशनाच्या पायऱ्या उतरले की बरोबरची माणसं पांगायची. मी पर्स पोटाशी धरायचे आणि तशीच काळोखात चालायला लागायचे. वाट पायांना पाठ होती. ऑफिसातली बॅटरीबाई मागे राहिलेली असायची आणि घरातली थोरली अजून पोचायची असायची. मधल्या तेवढ्या वाटेवर मी कुणाचीच कुणी नव्हते. कधी बांधावर नुसती उभी राहायचे. कधी गुणगुणायचे, कधी रडायचे, आणि दोन्हीला कुणी कारण विचारायचं नाही. एकदा आपली घरमालकीण बांधावर समोरून आली, ती केवढ्याने दचकली! "अगो पोरी, बॅटरी हाय ना हातान? मंग लावीत का नाय?" मी म्हटलं, सेल संपलेत. विहिरीपाशी आलं की फाटकातला तुमचा कंदील दिसायचा. मग मी पर्स उघडायचे आणि बटण सरकवायचे, आणि वाटेचा तो एवढासा तुकडा तुम्हाला दिसेल असा उजेड नाचवत यायचे. तुम्ही म्हणायचात, "आलीस गो बायो? मालव आता, सेल जातील."

तुमचे दिवस झाले आणि मी पुन्हा ऑफिसला जायला लागले. पहिल्या संध्याकाळी गाडीतून उतरले, पायऱ्यांपाशी आले, आणि माझा पाय पुढे पडेना. तोच बांध, तीच वाट. मी तिथेच बॅटरी लावली आणि घरापर्यंत तशीच धरून आले. फाटकात कुणी नव्हतं. मी ती तशीच घेऊन आत गेले तर आई म्हणाली, "अगं, बंद कर ती." दुसऱ्या दिवशीही मी स्टेशनापासूनच लावली, तिसऱ्या दिवशीही. ते सेल महिनाभरसुद्धा पुरले नाहीत.